जामीनदार नाही म्हणून सुटलो? क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की नक्की काय काय होतं

कार्डाचं बिल थकलं की कोल्हापुरात दोन जातीचे सल्ले मिळतात. एक टपरीवरचा, "आरं कार्डाला जामीनदार असतोय काय? न्हाई न्हवं? मग सोड की भावा, काय करत्यात ते." आणि दुसरा वसुलीवाल्याच्या फोनवरनं येतो, की उद्या संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर पोलीस घरी, आणि तिथनं थेट कळंबा जेल. पहिला ऐकून माणूस निवांत झोपतो, दुसरा ऐकून सिमकार्ड बदलून बसतो, आणि दोन्हीचा परिणाम एकच होतो, तीन-चार महिने काहीच न करता निघून जातात. कार्डाच्या भानगडीत हेच तीन-चार महिने सगळ्यात महाग पडतात असं माझं मत आहे, कोर्टबिर्ट लई नंतरचं.

मी शाहूपुरीत रिटर्न आणि जीएसटीची कामं करतो, वकील नाही. पण रिटर्नच्या सीझनला लोक बँकेची स्टेटमेंटं आणून टाकतात आणि त्यात सगळं दिसतं, कोण मिनिमम भरतोय, कोण एका कार्डातनं दुसरं कार्ड भागवतोय, कोणाच्या पगाराच्या खात्यावर लिएन लागलाय, म्हणजे बँकेनं पैसे अडकवून ठेवलेत. त्यामुळं हा विषय माझ्या टेबलावर बिनबोलावता येत राहतो. वर्षातनं एकदा सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

आधी त्या जामीनदाराचं बघू, कारण सगळा गैरसमज तिथनंच सुरू होतो. आपल्याकडं कर्ज म्हटलं की डोळ्यासमोर पतसंस्था येते. दोन जामीनदार द्यायचे, शेअर्सचे पैसे कापून घ्यायचे, हप्ता थकला की पहिला फोन जामीनदाराला, आणि मग तो जामीनदार तालमीत, लग्नात, जोतिबाच्या खेट्यांना जिथं भेटेल तिथं आपला जीव खातो. तरी नाही भरलं तर संस्था सहकार कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयातनं वसुली दाखला काढते, आणि तो दाखला हातात आला की संस्थेचा वसुली अधिकारी जप्तीला दारात उभा. दिवाणी कोर्टात दावा लावून वर्षानुवर्षं थांबायची गरज नाही. म्हणून "एकशे एक झालं" हे शब्द आपल्याकडं शेतकऱ्यापासनं उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतात.

व्यापारी बँकेच्या क्रेडिट कार्डाला हे १०१ लागू नाही. काही तारण दिलेलं नसतं त्यामुळं २००२ चा सरफेसी कायदा, ज्याच्या जोरावर बँक घराला नोटीस चिकटवते, तोही चालत नाही. अपवाद एकच, एफडीवर घेतलेलं कार्ड, तिथं एफडी मोडून बँक मोकळी होते. म्हणजे टपरीवरचा सल्ला अर्धा बरोबर आहे, बँकेला तुमच्या घरात शिरायचं असेल तर आधी कोर्ट किंवा लवादाकडं जावंच लागतं. पण बँकेच्या हातात दुसऱ्या तीन गोष्टी असतात ज्यांना कोर्टाची गरज लागत नाही. व्याज, सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, आणि त्याच बँकेत असलेलं तुमचं खातं.

व्याजाचं गणित नीट समजून घ्या, कारण निम्म्याहून जास्त लोकांना ते माहीत नसतं आणि चूक त्यांची नाही, स्टेटमेंट तसंच छापलेलं असतं. बिल आलं की वर दोन आकडे असतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. टोटल पूर्ण भरलं तर खरेदीच्या तारखेपासनं साधारण ४५-५० दिवस फुकट वापरायला मिळतात, कार्डाचा फायदा म्हणतात तो एवढाच. टोटलपैकी शंभर रुपये जरी कमी भरले तरी ही फुकटची मुदत गेली. गेली म्हणजे कशी, तर व्याज ड्यू डेटपासनं धरत नाहीत, खरेदी केली त्या दिवसापासनं धरतात, आणि त्याच्यापुढं ज्या नवीन खरेद्या कराल त्यांनाही पहिल्या दिवसापासनं व्याज. आता तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळं सकाळची मिसळ, संध्याकाळचा चहा सगळं कार्डावर. मागचं बिल अर्धवट भरलेलं असेल तर त्या मिसळीवर तर्री खाली बसायच्या आत व्याज सुरू झालेलं असतं.

दर किती? बऱ्याच बँकांचा महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के. ऐकायला कमी वाटतं, वर्षाला ४२ ते ४५ टक्के होतात. त्याच्यावर परत १८ टक्के जीएसटी, व्याजावर पण आणि दंडावर पण. एक उदाहरण घेऊ. ५०,००० चं बिल आहे, तुम्ही मिनिमम म्हणजे पाच टक्के धरून २,५०० भरले. राहिले ४७,५००. त्याच्यावर साडेतीन टक्क्यानं महिन्याचं व्याज साधारण १,६६०, त्याच्यावर जीएसटी ३०० च्या आसपास, झाले १,९६०. म्हणजे तुमच्या अडीच हजारातले कर्जाला लागले फक्त साडेपाचशेच्या आत-बाहेर, बाकीचे व्याजात गेले. आणि हे कार्ड पुढं अजिबात वापरलं नाही तर, वापरलं तर विचारूच नका. मिनिमम भरल्यानं फायदा एवढाच की लेट फी बसत नाही आणि सिबिलला खातं थकीत लागत नाही. अडचणीच्या एखाद्या महिन्याला तो फायदा खरा आहे, मी नाही म्हणत नाही, पण सवय म्हणून मिनिमम भरत बसणारा माणूस मला न भरणाऱ्यापेक्षा फार शहाणा वाटत नाही. इमानदारीत दर महिन्याला पैसे जातात, घरात वाटतं सगळं व्यवस्थित चाललंय, आणि दोन वर्षांनी बघितलं तर बाकी जवळपास तेवढीच.

काहीच भरलं नाही तर? तेच ५०,००० वर्षभर तसेच ठेवले तर साध्या हिशोबानं व्याज आणि जीएसटी मिळून २५,००० च्या जवळ जातात. वर दर महिन्याला लेट फी. ती बिलाच्या स्लॅबप्रमाणं असते, एवढ्या बिलाला बऱ्याच ठिकाणी हजाराच्या आसपास, प्लस जीएसटी, वर्षभर बसत राहिली तर अजून १४,००० धरा. पन्नासचे नव्वदच्या घरात गेले आणि तुम्ही एक रुपयाची नवीन खरेदी केलेली नाही. एटीएममधनं कार्डावर कॅश काढली असेल तर तिला फुकटची मुदत नसतेच, काढल्या क्षणापासनं व्याज आणि वर कॅशची वेगळी फी.

एवढं व्याज कायद्यात बसतं काय, हा प्रश्न हमखास येतो. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं सांगितलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच्या जोरावर लई लोकांनी व्हॉट्सॅपवर मेसेज फिरवले. पण २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला, त्यामुळं आज तशी कुठली मर्यादा नाही. जुना मेसेज अजून फिरतोय, त्याच्या भरवशावर बँकेशी भांडायला जाऊ नका.

बँकेला बांधणारे नियम मात्र आहेत, आरबीआयनं २०२२ मध्ये कार्डांसाठी सविस्तर नियमावली काढली. त्यात आहे की ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावायची आणि तरच सिबिलला थकीत म्हणून कळवायचं. म्हणजे पाच तारीख होती आणि सात तारखेला भरलं तर लेट फी बसायला नको, बसली तर भांडून परत घ्या. व्याजाची गोष्ट वेगळी, ते या तीन दिवसांत माफ होत नाही. लेट फी जेवढी बाकी राहिलीय तेवढ्यावरच धरायची, पूर्ण बिलावर नाही. आणि न भरलेल्या फी-टॅक्सवर परत व्याज चढवायचं नाही. स्टेटमेंट आलं की कॅल्क्युलेटर घेऊन बसा, चुका सापडतात.

आता सिबिल. सिबिल ही एक कंपनी, तशा चार आहेत, बाकीच्या एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, पण आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो जसं सगळ्या वॉशिंग पावडरला एकच नाव. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असला की बँकवाले हसून बोलतात. जानेवारी २०२५ पासनं बँकांनी निदान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवायची आहे, त्यामुळं पूर्वी महिना-दीड महिना जे झाकून राहायचं ते आता लगेच दिसतं. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांचा महिनावार तक्ता असतो, कुठल्या महिन्यात किती दिवस उशीर. म्हणजे आज थकवलं आणि सहा महिन्यांनी सगळं भरलं तरी तो डाग तीन वर्षं तक्त्यात दिसत राहतो, स्कोअर हळूहळू वर येतो तो भाग वेगळा.

याचा खरा फटका कधी बसतो? घराचं लोन करायला जाता तेव्हा. पाचगावात, उजळाईवाडीत फ्लॅट बघितलेला असतो, बुकिंगचे पैसे देऊन झालेले असतात, आणि बँक सांगते की चार वर्षांपूर्वीच्या एका कार्डाचे आठ हजार थकीत दिसतायत. माणूस म्हणतो ते कार्ड मी कधी वापरलंच नाही, फक्त वार्षिक फी लागलेली होती. हे मी लई वेळा ऐकलंय. न वापरलेलं कार्ड तोडून कचऱ्यात टाकलं म्हणजे बंद होत नाही, बँकेला बंद करायची रिक्वेस्ट द्यावी लागते. बाकी काही नसेल तर सात कामकाजी दिवसांत बँकेनं ते बंद करायचं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेनं तुम्हाला द्यायचा, हाही त्याच २०२२ च्या नियमांतला भाग आहे, पण माहीत कोणाला असतंय. आणि अजून एक, घरातलं पोरगं बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत असेल तर त्याच्या नावावर कार्ड काढून घरचा खर्च चालवू नका. सरकारी बँकांच्या भरतीत उमेदवाराची क्रेडिट हिस्टरी बघतात, स्टेट बँकेच्या जाहिरातीत तर कर्ज थकवलेल्यांबद्दल स्पष्ट अटच असते.

नव्वद दिवस हा महत्त्वाचा आकडा. ड्यू डेटपासनं नव्वद दिवसांत मिनिमम सुद्धा पूर्ण भरलं नाही तर खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते अनुत्पादक, वसूल न होणारं कर्ज म्हणून धरते. कार्ड ब्लॉक तर त्याच्या आधीच झालेलं असतं. एनपीए झालं की बँकेच्या आत तुमची फाईल दुसऱ्या टेबलावर जाते, आधी फोन करणारी कॉल सेंटरची मुलगी "सर, कधीपर्यंत होईल" असं विचारायची, आता एजन्सीचा माणूस बोलतो आणि त्याचा सूर वेगळा असतो. पुढं काही महिन्यांनी बँक ते राईट ऑफ करते. इथं आपल्या लोकांची मोठी गल्लत होते. आपण २०१७ ची कर्जमाफी बघितली, २०१९ ची बघितली, सोसायटीचं पीककर्ज माफ झालेलं बघितलं, त्यामुळं राईट ऑफ म्हटलं की वाटतं झालं, सरकारनं सोडलं. राईट ऑफ ही बँकेच्या वहीतली नोंद आहे, तुमचं देणं जसंच्या तसं राहतं, वसुली चालू राहते, आणि सिबिलमध्ये 'रिटन ऑफ' असा शिक्का पडतो जो साध्या थकबाकीपेक्षा वाईट. क्रेडिट कार्डाला कर्जमाफी आजवर कुठल्या सरकारनं दिली नाही आणि ऊस बिलातनं ते आपोआप कापूनही जात नाही.

तिसरी गोष्ट खात्याची. ज्या बँकेचं कार्ड त्याच बँकेत पगार किंवा बचत खातं असेल तर बँक त्या खात्यावर लिएन मारू शकते, म्हणजे पैसे दिसतात पण निघत नाहीत, किंवा थकबाकी परस्पर वळती करून घेते. कार्ड घेताना सही केलेल्या अटींमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कंपनी एकाच बँकेत सगळ्यांची पगाराची खाती काढते आणि तीच बँक गेटवर टेबल टाकून कार्डं वाटते, त्यामुळं तिथल्या पोरांना हा दणका जास्त बसतो. दहा तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि दुपारी किराण्याला डेबिट कार्ड चालत नाही. उपाय कायद्याच्या बाहेरचा काही नाही, पगार दुसऱ्या बँकेत घेता येतो काय ते एचआरला विचारा आणि कार्डाच्या बँकेशी लेखी बोलणी सुरू करा.

वसुलीच्या फोनबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण माणूस खचतो तो इथं. पैशापेक्षा गल्लीत इज्जत जाईल ही भीती मोठी असते, विशेषतः पेठांमध्ये जिथं अर्धी गल्ली नात्यातली असते. आरबीआयचा नियम स्वच्छ आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना, मित्रांना, ओळखीला दिलेल्या माणसांना त्रास, सगळं बंद. एजंट घरी आला तर त्याच्याकडं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाहिजे. ते मागा, फोटो काढून घ्या, आणि आवाज न चढवता सांगा की जे काय आहे ते बँकेच्या ईमेलवर बोलू. घरात घ्यायची सक्ती नाही. फोनवर जास्त बोलला तर रेकॉर्डिंग ठेवा. आधी बँकेकडं लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं, त्याला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होते, माहितीला १४४४८ नंबर आहे. अंगावर येण्याची भाषा केली तर सरळ पोलीस ठाण्यात अर्ज द्या, कारण पैसे थकवणं हा गुन्हा नसला तरी धमकी देणं हा गुन्हा आहे.

"मी लक्ष्मीपुरी पोलीस ठाण्यातनं बोलतोय" असा फोन आला तर समजा की नव्याण्णव टक्के तो कॉल सेंटरमधनं आहे. पोलीस बँकेची उधारी वसूल करत नाहीत. व्हॉट्सॅपवर येणारे लाल शिक्क्याचे 'अरेस्ट वॉरंट' तर निव्वळ टाकाऊ. वकिलाची नोटीस मात्र टाकाऊ समजू नका, रजिस्टर पोस्टानं आलेली नोटीस घ्या, वाचा, तारीख लिहून ठेवा, पोस्टमनला परत पाठवू नका. परत पाठवली म्हणून प्रकरण थांबत नाही, उलट तुम्ही नोटीस टाळली असं पुढं दिसतं.

जेलचं खरं काय ते आता. बिल न भरणं हा दिवाणी विषय आहे, त्याच्यासाठी कळंबा नाही. पण तीन वाटांनी तो फौजदारी होऊ शकतो. चेक बाउन्स झाला तर १८८१ च्या कायद्याचं कलम १३८. खात्यातनं आपोआप पैसे जायची सोय दिलेली होती आणि पैसे नसल्यानं ती परत गेली तर २००७ च्या पेमेंट सिस्टीम कायद्याचं कलम २५. दोन्हीत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि तिसरं, खोटी पगारपत्रकं, खोटा पत्ता देऊन कार्ड काढलं असेल तर फसवणूक. गंमत अशी की कार्डात तुम्ही चेक कुठं देता? सेटलमेंटच्या वेळी, म्हणजे बँक काही रक्कम सोडून प्रकरण मिटवते तेव्हा. एजंट म्हणतो साहेब तीन हप्ते करू, पुढच्या तारखांचे तीन चेक द्या. माणूस खुशीत देतो, दुसरा बाउन्स होतो, आणि जे प्रकरण निव्वळ दिवाणी होतं ते चेकच्या केसमध्ये जाऊन बसतं. पैसे हातात असल्याशिवाय पुढच्या तारखेचा चेक देऊ नये असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ऐकणारे थोडे.

कोर्टात बँक गेली तर दिवाणी दावा पडतो, किंवा करारात लवादाची अट असेल तर लवाद. त्याच्या आधी बऱ्याचदा लोक अदालतीची नोटीस येते, कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात राष्ट्रीय लोक अदालत असते तिथं दाखलपूर्व प्रकरणं म्हणून ही कार्डाची प्रकरणं ठेवतात. ही नोटीस बघून घाबरायचं काही नाही, उलट जावं. गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही, पण तिथं बँकेचा माणूस समोर बसतो, घासाघीस होते, कोर्ट फी नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, तिथं सही करून तडजोड झाली की तो निवाडा अंतिम, त्याच्यावर अपील नाही, म्हणून जमणारा आकडाच कबूल करा.

दाव्यात डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम झाला तरी बँक सगळंच उचलून नेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचण्यासारखं आहे. अंगावरचे कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्रासारखं धर्माच्या रिवाजानं काढता न येणारं सौभाग्यलेणं, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि पेरणी-नांगरणीला लागणारी जनावरं, शेती करणाऱ्याचं राहतं घर, पीएफ, पीपीएफ, स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे, हे जप्त होत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश हात लावायचे नाहीत, राहिला एक तृतीयांश तेवढा धरता येतो, आणि एकाच डिक्रीसाठी दोन वर्षं धरून झाला की पुढं तोही नाही. दिवाणी कैद म्हणून एक प्रकार आहे, पण पैसे असूनही मुद्दाम लपवले, देत नाही, असं कोर्टाला पटलं तरच. गरिबीमुळं देता येत नाही म्हणून आत टाकता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगून ठेवलंय, आणि पैशाच्या डिक्रीसाठी बाईला अटक करता येत नाही.

तीन वर्षांची मुदत पण लोकांनी अर्धवट ऐकलेली असते. १९६३ च्या मुदत कायद्यानं अशी बाकी वसूल करायचा दावा लावायला तीन वर्षं असतात, पण त्या तीन वर्षांच्या आत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा सहीनिशी काही रक्कम भरली की मोजणी परत पहिल्यापासनं. आणि मुदत संपली म्हणून सिबिलमधली नोंद पुसली जात नाही, ती माहिती किमान सात वर्षं ठेवायचा नियम आहे.

कार्डधारक गेला तर? वारसांना स्वतःच्या खिशातनं द्यावं लागत नाही, मयताकडनं जेवढी इस्टेट हातात आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बायकोच्या नावानं ॲड-ऑन कार्ड असेल तर त्याचं बिलही मुख्य कार्डवाल्याचंच.

मग अडकलेल्यानं करायचं काय? थकायच्या आधीच कळतं की या महिन्यात जमणार नाही, त्याच वेळी बँकेच्या ॲपवर बिलाचे ईएमआय करून घ्या, व्याज साधारण वर्षाला १४ ते १८ टक्क्यांवर येतं, ४२ च्या मानानं निम्म्याहून कमी. थकल्यावर ही सोय बहुतेक बंद होते, म्हणून मी सुरुवातीला म्हटलं पहिले महिने महाग. घरात सोनं असेल तर गोल्ड लोन काढून कार्ड एकदम मोकळं करणं मला तरी सगळ्यात बरं वाटतं, बायकोचे दागिने ठेवायचे म्हणून गडी लाजतात आणि तिकडं चार पट व्याज भरत बसतात. पतसंस्थेचं कर्ज मिळत असेल तर तेही स्वस्त पडतं, पण आता तुम्ही दोन जामीनदार त्यात ओढताय हे विसरू नका. खाजगी सावकाराकडं जाऊ नका, महिन्याला पाच-दहा टक्के घेणाऱ्यापुढं कार्डवाली बँक संत वाटेल. आणि ते "कार्ड स्वाइप करून कॅश देतो, दोन-अडीच टक्के कमिशन" वाले, त्यांच्याकडं एका कार्डातनं काढून दुसऱ्यात भरायचं, तिसऱ्यातनं परत पहिल्यात, हे चक्र मी स्टेटमेंटांत बघितलंय, ते थांबतं तेव्हा तिन्ही कार्डं एकाच महिन्यात थकतात.

खरंच काही जमण्यासारखं नसेल, नोकरी गेली, आजारपण आलं, तर बँकेला ईमेल करा, कारण लिहा, कागद जोडा, हप्ते पाडून मागा. सेटलमेंट शेवटचा पर्याय ठेवा. त्यात बँक काही रक्कम सोडते, पण सिबिलमध्ये 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढची बँक ते बघून तोंड वाकडं करते. करायचंच ठरलं तर आधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरनं आलेलं पत्र पाहिजे, त्यात एकूण आकडा, तारखा, आणि हे भरल्यावर काही बाकी राहणार नाही असं लिहिलेलं. पैसे फक्त कार्ड नंबरवर किंवा बँकेच्या खात्यात भरायचे, एजंटच्या गुगल पेवर एक रुपया टाकायचा नाही, तो कितीही गावचा असला तरी. "तुमचं कर्ज आम्ही मिटवतो, आधी आमची फी भरा आणि बँकेचे फोन उचलू नका" म्हणणाऱ्या कंपन्यांपासनं लांब राहा, जे पत्र ते पाठवणार तेच तुम्ही फुकट पाठवू शकता.

पैसे भरले की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र घ्या आणि महिन्या-दीड महिन्यानं सिबिलचा रिपोर्ट काढा, चारही कंपन्यांनी वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. अजून थकीत दिसत असेल तर बँक आणि ती कंपनी दोघांकडं तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला पाहिजे. सेटलमेंटमध्ये सुटलेली रक्कम पुढं कधी हातात पैसे आले तर भरून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून घेता येतं, त्याच्यासाठी बँकेला लेखी विचारा आणि जुनं सेटलमेंटचं पत्र फाईलला लावून ठेवा, त्या पत्राशिवाय बँकेत कोणाला काही आठवत नसतं.